हॉलमागची गल्ली

मंगळवेढ्याहून लग्न होऊन मी सोलापुरात आले, तेव्हा आमच्या दुकानाचा पत्ता सांगताना सासरचं कुणी रस्त्याचं नाव घेत नसे. "हॉलच्या मागं," एवढंच म्हणत. टांगेवाल्याला तेवढं पुरायचं आणि परगावच्या नाटकवाल्यालाही पुरायचं.

दुकान ड्रेपरीचं होतं, आणि दुकानाच्या मागच्या अंगालाच आमचं घर. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे, भाड्याने द्यायचे. अंगरखे, जिरेटोप, मुकुट, गंगावनं, दाढ्यामिशा, आणि एका कोपऱ्यात लाकडी तलवारींचा भारा. माझे सासरे तरुणपणी एका नाटक मंडळीबरोबर गावोगाव हिंडले होते. मंडळी मोडली तेव्हा तिचे कपडे त्यांच्या वाट्याला आले. ते घेऊन कुठे बसायचं, असा प्रश्न पडल्यावर ते या गल्लीत येऊन बसले, कारण नाटकाच्या हॉलचा मागचा दरवाजा या गल्लीत उघडत होता. सासरे गेल्यावर माझ्या यजमानांनी दुकान सांभाळलं. ते रंगभूषाही करायचे. मी आले ती शिलाई मशीन घेऊनच आले, त्यामुळे माझी जागा आपोआप ठरली.

पहिल्या वर्षी मला त्या गल्लीचं फार नवल वाटे. समोर पेंटरचं खोपट, त्याला लागून अण्णांचा छापखाना, पुढे तबल्याला शाई भरणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, आणि टोकाला फोटो स्टुडिओ. मी एकदा अण्णांना विचारलं, "तुम्ही बाजारपेठेत का नाही दुकान काढलं?" अण्णा मूळचे दुधनीचे, घरात कन्नड बोलायचे, बाहेर मराठी. कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोटांना कायम शाई.

"होतं की अक्का, बाजारात होतं आधी," ते म्हणाले. "तितं गिऱ्हाईक यायचं, लग्नाचं कार्ड छापून घ्यायचं आनि जायचं. हितं नाटकवाला हँडबिलाला येतो, बसतो, चहा पितो. मग म्हणतो, बोर्ड कोण रंगवील? मी म्हणतो, हे काय समोर. बोर्ड रंगवताना पेंटर विचारतो, कपडे कुटनं आणनार? असं असतंय."

खरोखर तसंच असायचं. सकाळच्या गाडीने पुण्याची नाहीतर हुबळीची मंडळी उतरत, त्यांचं सामान हातगाडीवरून मागच्या दरवाज्याने आत जाई आणि दुपारपर्यंत त्यांची माणसं आमच्या गल्लीत वावरत. कुणाची काछ उसवलेली, कुणाची मिशी हरवलेली, कुणाला पेटीचा सूर तपासून हवा. पण खरं काम परगावच्या मंडळींचं नव्हतं, गावातल्या हौशी लोकांचं होतं. गिरणीतले कामगार पाळी सुटली की अंगावर कापसाची पिंजी तशीच घेऊन तालमीला येत. तालीम हॉलच्या मागच्या खोलीत चाले. तालीम झाली की ते आमच्याकडे येऊन मुकुट डोक्यावर घालून बघत, पोरांसारखे आरशात हसत आणि परत ठेवत. यजमान कधी रागावले नाहीत. "आज घालून बघितला की महिन्यानं भाड्यानं नेतोय," म्हणायचे.

पेंटर तेलुगू विणकरांच्या घरातला. पूर्व भागात त्याच्या भावांचे माग होते. त्याने मागावर बसायला नकार देऊन रंगाचे डबे घेतले म्हणून त्याचे वडील त्याच्याशी बोलत नसत. मला तो वैनी म्हणायचा. त्याचं मोठं काम पडदे रंगवायचं. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा, रस्त्याचा. खळ आणि सरस लावलेल्या मांजरपाटावर तो रंग चढवी. एवढा मोठा पडदा त्याच्या खोपटात मावणार कुठे? हॉलच्या मॅनेजरशी त्याचा तोंडी करार होता. तो हॉलचे सगळे फलक फुकट रंगवायचा, आणि प्रयोग नसेल त्या दिवशी सकाळी त्याला रंगमंच मोकळा मिळायचा.

मी तिथे त्याला चहा घेऊन जायची. तो पडदा वर टांगून, शिडीवर चढून रंगवायचा, मग उतरून खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पार शेवटच्या रांगेत जाऊन बसायचा. एकदा मलाही शेजारी बसवलं.

"वैनी, हितनं ते झाड दिसतंय का नुसता हिरवा डाग?"

मी खरं ते सांगितलं. "डागच दिसतोय."

तो परत गेला आणि झाडाच्या एका बाजूला गडद निळा रंग ओढला. मी शेवटच्या रांगेतूनच बघत होते. डागाचं झाड झालं. त्या रिकाम्या हॉलमध्ये बसून मला वाटलं, या माणसाला घर नसलं तरी चालेल, ही शेवटची खुर्ची हवी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

त्याआधीही पावसाने दगा दिला होता, पण त्या वर्षी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरायलाही कुणी गेलं नाही. माझा भाऊ सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. शहरात पाण्याच्या रांगा लागल्या. नाटकं एकदम थांबली नाहीत, एकेक करत थांबली. कुणी म्हणे पुढच्या महिन्यात बघू, कुणी मागितलेले कपडे नकोत म्हणून निरोप पाठवी. अशात एका सकाळी आमच्या गल्लीत मालमोटारी येऊन उभ्या राहिल्या. सरकारी गोदामं भरली होती आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी ठेवायला जागा नव्हती. हॉल एका ट्रस्टचा होता. ट्रस्टने तो धान्यासाठी देऊन टाकला.

हमालांनी खुर्च्या उचलून भिंतीला रचल्या आणि मागच्या दरवाज्याने पोती आत नेली. प्रेक्षक बसायचे तिथे पोती, रंगमंचावर पोती, तालमीच्या खोलीत पोती. पेंटरचे गुंडाळलेले पडदे रंगमंचाखालच्या जागेत होते, ते काढायला कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी दरवाज्याला कुलूप लागलं आणि त्यावर लाखेची मोहर बसली. समोर एक पोलीस खुर्ची टाकून बसला.

"चार महिन्यांचा प्रश्न आहे," यजमान म्हणाले. ते रोज दुकान उघडत राहिले. मुकुट पुसून ठेवत. पण गल्लीत येणारं माणूस हॉलसाठी येत होतं, आमच्यासाठी नाही, हे तेव्हा आम्हाला कळू लागलं. गिरणी कामगारांची तालीम बंद झाली ती बंदच. त्यांना दुसरी खोली मिळाली असती, पण ती कोण शोधणार? पाळी सुटल्यावर पाय आपोआप वळायचे ती जागा नाहीशी झाल्यावर ते घरी जाऊ लागले.

अण्णांनी ठरवलं, की धान्य पुरवठ्याच्या साहेबांना भेटून विचारावं. "अक्का, तुमी चला," ते मला म्हणाले. "बाईमाणूस असलं की ऐकून तरी घेतात." यजमान म्हणाले, जा. पेंटरही आला.

कचेरीत गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा ज्यांच्यासमोर आम्हाला उभं केलं ते अधिकारी दमलेले दिसत होते, पण त्यांनी मला बसायला सांगितलं. अण्णांनी आमचं म्हणणं मांडलं. हॉलवर गल्लीतली घरं कशी चालतात, निदान मागची खोली आणि रंगमंच तेवढा मोकळा करून मिळाला तर बरं होईल. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"

"मंगळवेढा."

"तिकडे घरचे काय करतात सध्या?"

"भाऊ खडीला जातो," मी म्हणाले.

"त्यांना मिलो मिळते का वेळेवर?"

मी मान डोलावली. त्यांनी मला टोमणा मारला नव्हता, खरोखरच विचारलं होतं. माझ्या भावाच्या घरात शिजणारं धान्य ज्या छपराखाली होतं ते छप्पर मी परत मागायला आले होते. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात जोडून उठले.

बाहेर पायऱ्यांवर पेंटर म्हणाला, "धान्याला कुठलंबी छप्पर चालतंय, वैनी. पडदा टांगायला हे एकच हाय."

"मग साहेबांपुढे का नाही बोललात?" मी म्हणाले.

"कसं बोलनार? तुमचा भाऊ मधी उभा की."

त्याचं खरं होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला. दोष द्यायला कुणी नव्हतं, आणि तेच जास्त जड जात होतं. कुणी अन्याय केला असता तर यजमान तरी घरात आदळआपट करून मोकळे झाले असते. ते नुसते बसू लागले.

धान्यामागून उंदीर आले. हॉलमधून ते गल्लीत पसरले. आमच्या ट्रंका पत्र्याच्या होत्या म्हणून कपडे वाचले, पण टोपलीत ठेवलेल्या दाढ्या त्यांनी बिळात नेल्या. छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांना कोपरे राहिले नाहीत. पेंटर मात्र पोलिसाशी बोलायचा, मॅनेजरच्या घरी जायचा, पडदे तेवढे काढू द्या म्हणायचा. मोहर कुणाला तोडता येत नव्हती.

पाऊस झाला, हळूहळू पोती गेली आणि एका दुपारी दरवाजा उघडला. पेंटर सर्वांत आधी आत गेला. थोड्या वेळाने त्याने आणि यजमानांनी मिळून एक गुंडाळी ओढत बाहेर आणली आणि गल्लीत उलगडली. तो राजवाड्याचा पडदा होता. कापडाला खळ होती, सरस होता, उंदरांना तेवढं पुरेसं होतं. पहिल्या दोन वेढ्यांना छोटी भोकं होती, पुढे पडदा उलगडत गेला तशी भोकं मोठी होत गेली. खांब होते, पण कमानी नव्हत्या. सिंहासनाच्या जागी सुपाएवढं भगदाड होतं आणि त्यातून गल्लीतली माती दिसत होती. आम्ही सगळे दुकानांतून बाहेर येऊन बघत उभे होतो. पेंटर गुडघ्यावर बसला, एका भोकाची कड बोटाने चाचपली आणि म्हणाला, "जंगलाचा तसाच असंल. नका काढू."

यजमान म्हणाले, "परत रंगव. हॉल आता मोकळा झालाय."

पण हॉल मोकळा झाला नाही. खुर्च्या मोडल्या होत्या, फळ्या कुरतडल्या होत्या, छप्पर गळत होतं. ट्रस्ट म्हणाला, दुरुस्ती करू. दुरुस्तीआधी कुणा सूतवाल्या व्यापाऱ्याने गाठी ठेवायला जागा मागितली. ट्रस्टला कळून चुकलं होतं, की गाठी आवाज करत नाहीत, उशिरापर्यंत दिवे जाळत नाहीत आणि दर महिन्याला भाडं देतात. हॉल गोदामच राहिला.

त्याच सुमाराला शहराबाहेर, होटगीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका संस्थेने नवं नाट्यगृह बांधलं. पेपरात वाचून गल्लीत जरा हालचाल झाली. पेंटर म्हणाला, "हॉल तितं गेला तर आपन बी तितं जायचं. त्यात काय." त्याने नव्या नाट्यगृहाच्या समोर पत्र्याची शेड घेतली आणि खोपट रिकामं केलं. अण्णाही निघाले, पण तिकडे नाही. ते कोर्टाच्या बाजूला गेले, वकिलांचे कागद आणि शाळांचे पेपर छापायला. जाताना आमच्याकडे येऊन बसले. "अक्का, हँडबिलं छापायची म्हनून मी ह्या गल्लीत आलो. आता हँडबिलंच न्हाईत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्यांनी पुसलं नाही, जणू ते दुसऱ्याचं होतं.

मी यजमानांना म्हणाले, आपणही पेंटरच्या शेजारी शेड घेऊ. ते म्हणाले, "वडलांनी हितं बसवलंय." एवढंच कारण. त्यावरून आमची भांडणं झाली. मी शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते, त्यावर घर चालत होतं, आणि ते त्याच खोलीत मुकुट पुसत बसायचे. शेवटी मी म्हणाले, निदान बघून येऊ. ते आले नाहीत. मी एकटी गेले.

नवं नाट्यगृह सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. चारी बाजूंनी कंपाउंड, पुढे बाग, मोटारी लावायला जागा. त्या दिवशी पुण्याच्या मंडळींचा प्रयोग होता. त्यांची बस कंपाउंडच्या आत शिरली आणि फाटक लागलं. बसच्या टपावरून नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटी उतरल्या, कपड्यांच्या पेट्या उतरल्या, दिवे उतरले. सगळं त्यांनी बरोबर आणलं होतं. मागची बाजू बघायला मी भिंतीच्या कडेने चालत गेले. मागे दार होतं, पण ते कंपाउंडच्या आत उघडत होतं. बाहेर फक्त भिंत आणि पलीकडे बाभळी.

पेंटर रस्त्याच्या पलीकडच्या शेडमध्ये एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर रंगवत होता. मला बघून त्याने स्टूल पुढे केलं. चहा मागवायला जवळपास हॉटेल नव्हतं, म्हणून त्याने माठातलं पाणी दिलं.

"कोणी येतं का?" मी विचारलं.

"ट्रकवाले येतात."

"नाटकवाले?"

"ते आत जातात, वैनी. मग बाहेर जातात. तितं गल्लीत त्यांना आपल्यापुढनं चालत जावं लागायचं. हितं त्यांना आपन दिसतच न्हाई." तो ब्रश फडक्याला पुसत राहिला. "मॅनेजरला म्हनलं, रिकाम्या दिवशी स्टेज द्या, तुमचे बोर्ड रंगवतो. भाडं भरा म्हनला. त्याचं बी काय चुकलं? त्याच्या कागदात असं कुटं लिवलंय."

मी त्याला गावातल्या कामगारांचं विचारलं. कुणी तालमीला येतं का इकडे?

"पाळी सुटल्यावर एवढ्या लांब कोन येनार? बस बी न्हाय."

परत येताना मला एक कळलं. आमच्या मनात होतं, हॉल असला की बाकीचं त्याच्याभोवती उगवतं. तसं नव्हतं. हॉल रस्त्यात हवा होता, त्याचं दार लोकांच्या पायाखालच्या वाटेवर हवं होतं, आणि आत कुणाला तरी तोंडी करार करता यायला हवा होता. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, म्हणून ते गेलं तेव्हा कुणाला दिसलंही नाही.

पेंटरने पुढे चादरीच्या एका कारखान्यात नक्षी काढून द्यायचं काम धरलं. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं असतं, त्यावरून चादरीची वीण ठरते. त्याच्या भावाने शब्द टाकला होता. काही महिन्यांत त्याने ते सोडलं. "मला लांबनं बघायची सवय," तो यजमानांना म्हणाला. "नाकाजवळ कागद धरला की मला कायच दिसत न्हाई." नंतर तो बायकोमुलांना घेऊन भिवंडीला गेला, मेहुण्याच्या यंत्रमागावर. ज्या कामाला नाही म्हणून वडिलांशी बोलणं तुटलं होतं, त्याच कामावर. निघताना भेटायला आला तेव्हा त्याच्या नखांत रंग नव्हता. मी ते बघितलं हे त्याला कळलं आणि त्याने हात मागे घेतला.

तो गेल्यावर यजमानांचं बोलणं फारच कमी झालं. जेवताना ताटाकडे बघत बसत. मी एकदा न विचारताच वळसंगच्या एका माणसाला दुकानात बोलावलं. तिथल्या जत्रेत गावकरी कन्नड नाटक करायचे आणि त्यांना कपडे विकत हवे होते. मला वाटलं, निम्मी ड्रेपरी गेली तर घरात जागा होईल आणि हे त्या मुकुटांपासून सुटतील. यजमानांनी त्या माणसाचं ऐकलं आणि म्हणाले, "विकायचं न्हाई. मी घेऊन येतो, रंग बी मीच करतो."

त्यांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते थकून, पण भूक लागली म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. देवळाच्या ओवरीत बसून त्यांनी शेतकऱ्यांचे राजे केले होते. आरसा धरायला एक जण, कंदील धरायला दुसरा. "माणसं चांगली हायेत," म्हणाले. मग वळसंगवरून दुधनी, दुधनीवरून पलीकडची गावं. अण्णांनी त्यांना तिकडच्या लोकांची नावं सांगितली, थोडं कन्नडही शिकवलं.

मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण जत्रांचा हंगाम संपला की महिनोन् महिने काही नसायचं. पावसात ट्रंका भिजत, जरीचे कपडे काळे पडत. ते बरं नसलं तरी खडखडत्या एसटीत उभ्याने जायचे आणि मी दारात उभी राहून काळजी करायची. गावात राहून जे काम बसल्या जागी यायचं, त्याच्यामागे आता पन्नाशीकडे झुकलेला माणूस धावत होता. त्यांच्यानंतर हे करणारं कुणी नव्हतं. गावातली हौशी मंडळी तर विसरूनच गेली होती. एकदा बाजारात गिरणीतला एक जण भेटला, जो पूर्वी राजाचं काम करायचा. मी विचारलं, आता नाटक नाही का? तो ओशाळून हसला आणि म्हणाला, "कुटं करायचं, वैनी?" आणि पिशवी उचलून गेला.

दशक संपत आलं तेव्हा घरमालकाने दुकानाची जागा मागितली. गल्लीत तोवर सुताच्या अडती झाल्या होत्या. दिवसभर हातगाड्या आणि हमाल, आमच्या दारात गाठींची रांग. यजमानांनी वाद घातला नाही. मी शाळेच्या बाजूला एक खोली बघितली, तिथे गणवेशाचं गिऱ्हाईक होतं. मशीन, दोन पलंग आणि ट्रंका हातगाडीवर चढवल्या. त्या दिवशी त्यांचं अक्कलकोटच्या बाजूला नुसतं रंगभूषेचं काम होतं. मी म्हणाले, एक दिवस राहा, घर लावू. ते म्हणाले, "लोकांनी जत्रेत नाटक धरलंय, मी न्हाई म्हनून कसं चालंल?" त्यांनी रंगाची पेटी काखेत मारली, हातगाडीवाल्याला ट्रंका नीट बांधायला सांगितलं आणि स्टँडकडे चालू लागले. मी हातगाडीमागून नव्या खोलीकडे निघाले. वाटेत हातगाडीवाल्याने विचारलं, "ट्रंकांत काय हाय, बाई? लई जड हायेत." मी म्हणाले, कपडे आहेत.